नवा टायर टाकला आणि चाक जड झालं: कुठं बघायचं, कुठं थांबायचं

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांना गाडीशेजारी बसून एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून एकेक गोष्ट तपासायची आहे, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. रेकॉर्डिंगमध्ये "हे असं, ते तसं" म्हणत जे हातवारे केले होते, ते इथं शब्दांत नीट लिहिलंय.

आजचा विषय मोटारसायकलच्या चाकाचा आहे. टायर बदलून आणला आणि त्याच दिवसापासून काहीतरी सुरू झालं, अशा तक्रारी बऱ्याच येतात. कुणाची गाडी ओढेना. कुणाचं हँडल पन्नासच्या पुढं थरथरतं. कुणाच्या मीटरचा काटा शून्यावरून हलेना. कुणी म्हणतं, पहिल्यांदा ब्रेक दाबला तर लिव्हर रिकामाच गेला. बहुतेकांचा संशय नव्या टायरवर जातो. कंपनी बदलली म्हणून झालं असेल, टायर कडक आहे, चार दिवस चालवला की बसेल, वगैरे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. यातल्या बहुतेक तक्रारींत रबर निर्दोष असतं. गडबड असते चाक परत बसवण्यात. आणि ती शोधायला गॅरेजवाला असायची गरज नाही. क्रमानं बघायची सवय हवी आणि कुठल्या लक्षणावर गाडी जागेवरून हलवायची नाही, हे माहीत हवं.

टायर बदलताना काय काय उघडतं

मी सॉफ्टवेअरचं काम करतो. आमच्याकडे चालू असलेली सिस्टीम अचानक बिघडली की पहिला प्रश्न एकच असतो: शेवटचा बदल कोणता झाला? सगळा कोड वाचत बसत नाही. काल रात्री कुणी कशाला हात लावला, तेवढंच आधी बघतो. चाकाचंही तसंच आहे. त्यामुळे टायर बदलताना कशाकशाला हात लागतो, याची यादी आधी डोक्यात पाहिजे.

मागचं चाक काढताना एक्सलचा नट सुटतो, एक्सल बाहेर येतो, त्याच्यासोबत बुश आणि वॉशर बाहेर येतात. बुश म्हणजे लोखंडी नळीचा छोटा तुकडा, चाक मधोमध राहावं म्हणून घातलेला. ब्रेकचा रॉड सुटतो. ब्रेक प्लेटला चिमट्याशी बांधून ठेवणारी पट्टी सुटते. चिमटा म्हणजे ज्या दोन दांड्यांमध्ये मागचं चाक बसतं तो. चेनचे ॲडजस्टर हलतात. हबमधले रबर मोकळे होतात.

पुढचं चाक काढताना ब्रेकची केबल सुटते, किंवा डिस्क असेल तर डिस्क कॅलिपरमधून बाहेर येते. केबलवर चालणारं मीटर असेल तर त्याची केबल आणि चाकातला छोटा गिअर सुटतो. एबीएस असेल तर सेन्सर आणि त्याची वायर जवळपास असते.

त्यानंतर रिमवरून जुना टायर टॉमीनं काढायचा, ट्यूब असेल तर ती बदलायची किंवा जुनीच टाकायची, नवा टायर चढवायचा आणि हवा भरायची. म्हणजे आपण "टायर बदलला" एवढंच म्हणतो, पण प्रत्यक्षात दहा-बारा सुटे भाग वेगळे होऊन परत एकत्र आलेले असतात. गर्दीच्या वेळी, दुकानापुढं चार गाड्या उभ्या असताना, हे सगळं पंधरा-वीस मिनिटांत होतं.

हात लावण्याआधीची तपासणी

गाडी डबल स्टँडवर लावा. जमीन सपाट पाहिजे. पुढचं चाक उचलायचं असेल तर मागं कुणाला तरी दाबून धरायला सांगा. गिअर न्यूट्रल, इंजिन बंद. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवून बघायचा उद्योग करू नका. चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये बोट गेलं तर परत येत नाही.

पहिलं: चाक हातानं जोरात फिरवा. पुढचं चाक सहज काही फेरे मारून हळूहळू थांबलं पाहिजे. मागच्याला चेनचं ओझं असतं म्हणून ते लवकर थांबतं, पण थांबतानाही मोकळं वाटलं पाहिजे. ड्रम ब्रेकवाल्या गाडीत लायनरचा हलका "सर्र सर्र" आवाज चालतो. डिस्कमध्येही पॅड थोडे घासतात. पण अर्ध्या-एका फेऱ्यात कुणीतरी धरल्यासारखं थांबत असेल तर गडबड आहे.

दुसरं: टायर वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा, मग डावी-उजवीकडं धरून हलवा. खटखट लागली नाही पाहिजे. लागली तर एक्सल सैल आहे किंवा बेअरिंग गेलंय.

तिसरं: एक्सलचा नट, ब्रेक प्लेटच्या पट्टीचा नट आणि त्यातली पिन डोळ्यांनी बघा. पिन जागेवर आहे का? तिची टोकं वाकवलेली आहेत का?

चौथं: ब्रेक दाबा आणि सोडा. सोडल्यावर चाक लगेच मोकळं होतं का?

या चार गोष्टींना पाच मिनिटं लागतात, आणि निम्म्या तक्रारींचा पत्ता इथंच लागतो.

केजच्या मामांची गाडी

एक खरा किस्सा सांगतो, म्हणजे क्रम कसा लावायचा ते कळेल. माझे मामा केज तालुक्यात राहतात. शंभर सीसीची जुनी गाडी, दोन्हीकडं ड्रम ब्रेक. त्यांनी पुढचा टायर बदलला आणि संध्याकाळी मला फोन केला. मी पुण्यात, ते गावात. दुसऱ्या दिवशी सकाळी मामीला घेऊन अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात तपासणीला जायचं होतं.

"अरे, टायर नवा टाकला अन् गाडी रडायलीय. क्लच दाबला की लगेच थांबायलीय."

"दुकानात विचारलं का मामा?"

"विचारलं की. नवा टायर हाय, चार दिवसांत मोकळा होतोय म्हणला."

व्हिडिओ कॉल लावला. पुढचं चाक उचलून फिरवायला सांगितलं. अर्ध्या फेऱ्यात थांबत होतं. सगळ्यात आधी संशय ब्रेकवर, म्हणून ब्रेकच्या केबलचा ॲडजस्टर पूर्ण सैल करायला लावला. तरी चाक तसंच जड. म्हणजे केबल ताणलेली नव्हती, कारण दुसरं होतं.

मग सांगितलं, "एक्सलचा नट दोन फेरे ढिला करा, काढू नका."

"आता फिरायलंय की रे! परत आवळू का?"

"आवळा."

"आवळला की फिरंना."

ही फार महत्त्वाची खूण आहे. नट सैल असताना चाक मोकळं आणि कसल्यावर जाम. याचा अर्थ एक्सलवर रांगेत बसलेल्या वस्तूंपैकी एखादी तिच्या जागेवर नाही. मग मी विचारलं, "मीटर चालतंय का?"

"मीटर? ते कालपासून शून्यावरच हाय. केबल तुटली असंल."

इथं उत्तर सापडलं. एकाच दिवशी सुरू झालेली दोन दुखणी एकाच ठिकाणची असण्याची शक्यता जास्त. मामांच्या गाडीत मीटरचा गिअर पुढच्या ब्रेक प्लेटमध्येच आहे. त्या गिअरला दोन कान असतात आणि ते चाकाच्या हबमधल्या खाचांत बसावे लागतात. कान खाचेत बसले की प्लेट हबमध्ये पूर्ण आत जाते. नाही बसले तर प्लेट थोडी बाहेर राहते. मग एक्सल कसला की शॉकअपची दोन्ही टोकं प्लेटला आत रेटतात, कान हबवर दाबले जातात आणि चाक अडतं. मीटरही बंद, कारण गिअर फिरतच नाही.

कॅमेरा जवळ न्यायला सांगितला. हब आणि प्लेटच्या मधली फट दिसली, नाणं उभं घुसेल एवढी. नट काढला, चाकाला आधार दिला, एक्सल ओढून चाक खाली घेतलं. प्लेट बाहेर काढून कान वाकलेत का ते बघितलं. सुदैवानं शाबूत होते. प्लेट परत घालून हलक्या हातानं फिरवत फिरवत दाबली, "टक" करून आत बसली. मग प्लेटवरची खाच शॉकअपच्या खुंटीवर आली आहे याची खात्री केली, एक्सल घातला, नट कसला. चाक मोकळं फिरलं, आणि फिरवताना मीटरचा काटाही हलला.

तीच गाडी तशीच अंबाजोगाईपर्यंत नेली असती तर कान मोडले असते, बेअरिंगवर आडवा दाब आला असता आणि हब तापला असता. मागच्या चाकानं दगा दिला तर गाडी घसरते, पण सावरायला थोडी संधी मिळते. पुढचं चाक अडलं तर तीही मिळत नाही. मागं बसलेला माणूसही तेवढाच जोरात पडतो.

कसल्यावर जाम का होतं

हे नीट समजून घेऊ, कारण मागच्या चाकालाही हाच नियम लागू आहे. एक्सल म्हणजे लांब बोल्ट. नट कसला की त्यावरच्या सगळ्या वस्तू शेजारी-शेजारी दाबल्या जातात: एका बाजूची दांडी, बुश, बेअरिंगची आतली रिंग, हबच्या आतली नळी, दुसऱ्या बेअरिंगची आतली रिंग, ब्रेक प्लेट, परत बुश, दुसरी दांडी. या रांगेतली एकही वस्तू फिरत नाही. बेअरिंगची बाहेरची रिंग आणि तिच्याबरोबर हब, रिम, टायर फिरतात.

रांग बरोबर असेल तर कितीही व्यवस्थित कसा, चाक मोकळं राहतं. त्यातला एक तुकडा राहिला, उलट्या बाजूला गेला किंवा मध्ये वाकडा अडकला, तर दाब फिरणाऱ्या भागावर जातो.

मागच्या चाकात सगळ्यात जास्त घोळ बुशांचा होतो. एक्सल ओढला की बुश खाली पडतो आणि मातीत जातो. काही गाड्यांत डावा आणि उजवा बुश वेगळ्या लांबीचे असतात, ते अदलाबदल होतात. ओळखायची खूण सोपी: मागून बघा, टायर चिमट्याच्या मधोमध आहे का? एका बाजूला जास्त सरकलेला दिसला, किंवा नट सैल असताना चाक डावी-उजवीकडं बरंच सरकतं, तर बुश तपासा.

दुसरी शक्यता, टायरसोबत बेअरिंगही बदललेत. हबच्या आत दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळी असते. ती राहिली किंवा बेअरिंग पूर्ण आत ठोकलं गेलं नाही, तरी कसल्यावर चाक जड होतं. इथं मात्र गॅरेजच गाठा.

आणि एक उपाय कधीच करू नका: नट थोडा सैल ठेवून गाडी चालवणं. "एवढा ढिला ठेवला की मोकळं फिरतंय" हे वाक्य ऐकलं की समजायचं, दोष तसाच आहे आणि वर एक्सल सुटायचा धोका वाढवलाय.

नट कसण्याशी संबंध नसेल तर: ब्रेक

नट सैल-घट्ट केल्यानं फरक पडत नसेल तर ब्रेककडं वळा. ड्रममध्ये ब्रेकचा नट जास्त आवळला गेला असेल तर लायनर कायम घासतात. गाडी दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा, ब्रेक कमीत कमी वापरा, मग हबजवळ हाताची मागची बाजू न्या. चिकटवू नका, भाजेल. एक हब दुसऱ्यापेक्षा बराच गरम लागला तर तिथंच घासतंय.

बसवताना एक युक्ती उपयोगी पडते. एक्सलचा नट शेवटचा कसताना ब्रेक दाबून धरायचा. त्यामुळे लायनर ड्रमला चिकटतात, प्लेट आपोआप मधोमध येते आणि मग नट कसला जातो. नंतर ब्रेक सोडला की लायनर सगळीकडून सारखे दूर होतात. चांगले मेकॅनिक हे न बोलता करतात.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. मागच्या ड्रमच्या ब्रेक प्लेटला एक पट्टी चिमट्याशी बांधते. ब्रेक दाबल्यावर लायनर फिरत्या ड्रमला धरतात, तेव्हा प्लेटलाही चाकाबरोबर फिरायचं असतं. तिला रोखते ती ही पट्टी. पट्टीचा नट किंवा पिन लावायची राहिली आणि ती सुटली, तर जोरात ब्रेक दाबताच प्लेट गरकन फिरते, रॉड ओढला जातो आणि चाक लॉक होऊ शकतं. पुढच्या ड्रमला हेच काम शॉकअपवरची खुंटी आणि प्लेटवरची खाच करतात. म्हणून टायर बदलल्यावर काही नाही बघितलं तरी चालेल, पण ही पट्टी आणि ही खाच बघायचीच.

१२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून सीबीएस किंवा एबीएस सक्तीचं झालं. सीबीएस असलेल्या मोटारसायकलमध्ये साधारणपणे मागचा ब्रेक पायानं दाबला की पुढचाही थोडा लागतो. त्यामुळे पुढचं चाक घासत असेल तर फक्त हाताच्या ब्रेकची केबल बघून थांबू नका, पायाच्या ब्रेककडून येणारी केबलही बघा.

डिस्क आणि एबीएस

डिस्कच्या गाडीत चाक बाहेर असताना कुणी लिव्हर दाबला, तर पॅड एकमेकांजवळ येतात आणि डिस्क परत आत जात नाही, किंवा गेली तरी घट्ट बसते. स्वच्छ, सपाट लाकडी पट्टीनं पॅड हळूच मागं सारावे लागतात.

पॅड मागं सारले की उलटं होतं: पहिल्यांदा लिव्हर दाबला तर तो रिकामा जातो. दोन-तीन-चार वेळा दाबल्यावर पॅड जवळ येतात आणि लिव्हर कडक होतो. हे जागेवर उभं राहून करायचं. दुकानातून निघालात आणि पहिला ब्रेक समोर ट्रॅक्टर आल्यावर दाबलात, तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय टायर चढवताना लावलेलं तेल किंवा हाताचं ग्रीस डिस्कला लागलं असेल तर ब्रेक लागतच नाही. डिस्क ब्रेक-क्लीनरनं पुसून घ्या. पॅडनं तेल शोषलं असेल तर पॅड बदला.

१२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना त्याच तारखेपासून एबीएस सक्तीचं झालं. चाकाशेजारी खाचा असलेली एक पातळ रिंग असते आणि तिच्याजवळ सेन्सर. टॉमी लागून रिंग वाकली किंवा वायर ओढली गेली, तर एबीएसचा दिवा लागून राहतो. गाडी सुरू केल्यावर दिवा लागणं आणि थोडं पुढं गेल्यावर विझणं, हे नेहमीचं आहे. चालवतानाही तो विझत नसेल तर एबीएस काम करत नाहीये. साधा ब्रेक लागतो, पण चाक लॉक होण्यापासून वाचवणारं कुणी नाही असं समजून सावकाश परत जा.

चेन आणि सरळ रेष

मागचा टायर बदलला आणि गाडी एका बाजूला ओढायला लागली, किंवा चेन "कट कट" करायला लागली, तर चेनचे ॲडजस्टर बघा. चिमट्याच्या दोन्ही बाजूंना खुणा असतात. डावीकडं एक्सल तिसऱ्या खुणेवर आणि उजवीकडं चौथ्यावर असेल तर चाक वाकडं बसलंय.

खुणा गंजून पुसल्या असतील तर गवंड्याची लाईनदोरी घ्या. मागच्या टायरला दोन ठिकाणी टेकवून पुढं ताणा आणि पुढच्या टायरपासूनचं अंतर दोन्ही बाजूंनी बघा. हँडल सरळ ठेवा. पुढचा टायर अरुंद असेल तर दोन्हीकडं सारखी फट दिसली पाहिजे.

चेन किती सैल हवी, ते तुमच्या गाडीच्या पुस्तकात किंवा चिमट्यावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. रोजच्या वापराच्या बऱ्याच गाड्यांत मधोमध धरून वर-खाली २० ते ३० मिलिमीटर हालचाल ठेवतात. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा, कारण जुनी चेन सगळीकडं सारखी ताणलेली नसते. सगळ्यात घट्ट जागा धरून माप ठरवा. आपल्याकडं मागं दोन दुधाचे कॅन, औषध फवारणीचा पंप किंवा अख्खं कुटुंब बसतं. वजन आलं की मागचा शॉकअप दबतो आणि चेन आणखी ताणली जाते. रिकाम्या गाडीला तारेसारखी ताणलेली चेन भरल्या गाडीत बेअरिंग खाते.

थरथर: रिम, टायर की वजन

चाक मोकळं फिरतं, ब्रेक ठीक आहे, पण एका ठरावीक वेगाला हँडल किंवा सीट थरथरते. आता काडेपेटीतली काडी घ्या. शॉकअपला किंवा चिमट्याला बोट टेकवून काडीचं टोक रिमच्या कडेजवळ धरा आणि चाक हळू फिरवा. काडी आणि रिममधलं अंतर बदलत असेल तर रिम आऊट आहे. तारांची रिम असेल तर तारा पान्यानं हलके वाजवा. कसलेली तार "टण्" वाजते, सैल तार बद्द वाजते. रिमचा आऊट काढणं सवयीच्या माणसाचं काम आहे, घरी दोन-चार तारा पिळून बिघडवू नका.

रिम स्थिर आहे पण टायर डुलतोय? मग टायर नीट बसलेला नाही. रिमच्या कडेला लागून टायरवर एक बारीक उंच रेष असते. ती चारी बाजूंनी रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी ती आत बुडालेली दिसत असेल तर तिथं टायरची कड रिममध्ये बसलेली नाही. उपाय: हवा काढा, त्या जागी साबणाचं पाणी लावा, परत हवा भरा, टायर "फट्" करून बसतो. पण टायरच्या बाजूला लिहिलेल्या कमाल दाबाच्या वर हवा भरून बसवायचा हट्ट धरू नका, आणि भरताना तोंड चाकावर आणू नका.

दोन्ही स्थिर असतील तर वजनाचा समतोल बघा. थोडा हिशोब करू. १८ इंची चाकाची गाडी ६० च्या वेगात असताना चाक सेकंदाला साधारण साडेआठ फेरे मारतं. रिमच्या कडेला एका बाजूला फक्त २० ग्रॅम जास्त असले, म्हणजे चहातल्या चार-पाच चमचे साखरेएवढे, तर ते चाकाला बाहेर ओढतात साधारण सव्वा ते दीड किलोच्या जोरानं. ८० ला हाच जोर जवळपास अडीच किलो होतो, कारण तो वेगाच्या वर्गानं वाढतो. तेवढा जोर सेकंदाला आठ-दहा वेळा दिशा बदलतो, म्हणून गावात काही जाणवत नाही आणि धुळे-सोलापूर हायवेला लागलं की हात बधिर होतात.

बऱ्याच नव्या टायरवर रंगाचा ठिपका असतो. तो टायरची हलकी बाजू दाखवतो आणि व्हॉल्व्हजवळ ठेवायचा असतो. तो भलतीकडं असेल तर दुकानदाराला टायर रिमवर फिरवून घ्यायला सांगता येतं. चाकाला चिकटलेली काळी माती मात्र आधी धुवा. पावसाळ्यात पांदण रस्त्यानं शेतात जाऊन आल्यावर रिमच्या आत वाळलेली ढेकळं कुठल्याही ठिपक्यापेक्षा जड असतात.

टायरवर आणि व्हॉल्व्हवर काय वाचायचं

टायरच्या बाजूला बाण असतो, तो चाक फिरण्याच्या दिशेनं पाहिजे. काही टायरवर पुढच्या आणि मागच्या चाकासाठी दोन वेगळे बाण असतात, आपला कोणता ते बघा.

माप वाचा. ८०/१००-१८ म्हणजे रुंदी ८० मिलिमीटर, उंची रुंदीच्या १०० टक्के, रिम १८ इंची. पुढं ४७पी असेल तर ४७ म्हणजे १७५ किलो भार आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. चार आकड्यांचा शिक्का तारखेचा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. रुबाबासाठी रुंद टायर टाकला असेल तर तो चेन कव्हर, ब्रेकची पट्टी आणि मडगार्डला घासतो का ते मागं माणूस बसवून बघा. काळ्या मातीत मडगार्ड आणि टायरच्या मधली फट कमी झाली की चिखल भरतो आणि चाक जागेवर थांबतं.

ट्यूब असेल तर व्हॉल्व्ह सरळ उभा पाहिजे. तिरका असेल तर ट्यूब आत पिळली गेली आहे, आणि काही दिवसांत व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटेल. रात्रभरात हवा उतरत असेल तर टॉमीनं ट्यूब चिमटलीय का ते बघून घ्या. हवा किती भरायची ते गाडीच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. मराठवाड्यातल्या मे महिन्यात दुपारी दहा किलोमीटर चालवलेल्या टायरचा दाब जास्तच दाखवणार.

थांबायचं कुठं

एवढ्या सगळ्यातून चार गोष्टी पाठ करा. चाक हातानं मोकळं फिरत नाही. एक्सल किंवा चाकाला खटखट आहे. ब्रेक प्लेटची पट्टी किंवा खाच जागेवर नाही. ब्रेकचा लिव्हर चार वेळा दाबूनही कडक होत नाही. यातलं एकही असेल तर गाडी ढकलत दुकानात परत न्यायची, चालवत नाही. मांजरसुंब्याचा घाट असो, धारूरचा घाट असो, उतारावर गाडी तुमच्या अंदाजावर नाही, त्या दोन नटांवर आणि एका पिनेवर उतरत असते.

बाकी गोष्टी, म्हणजे थरथर, मीटर, चेनचा आवाज, सावकाश चालवत जाऊन दुरुस्त करता येतात. मात्र मीटर बंद आणि चाक जड हे दोन्ही एकत्र असेल तर मामांची केस आठवा.

दुकानातून निघायच्या आधी तिथंच चाक उचलून फिरवायला सांगा. दुकानदाराला राग येत नाही. "दादा, एकदा फिरवून दाखवता का?" एवढं बोललं की तोही नट परत तपासतो. गाडी उघडण्याआधी मोबाईलमध्ये चाकाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. कोणता बुश कुठं होता, पट्टीची पिन कशी होती, हे नंतर आठवत बसायची वेळ येत नाही. खाली पडलेला एकही तुकडा "जास्तीचा" नसतो, हेही लक्षात ठेवा.

आणि नवा टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जरा निसरडा असतो, त्याचा वरचा थर घासला जाईपर्यंत वळणावर गाडी झुकवू नका आणि एकदम ब्रेक मारू नका. पन्नास-एक किलोमीटर झाले की एक्सलचा नट आणि चेन परत एकदा बघा.

दसऱ्याच्या आसपास आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी गाड्या निघतात. गाडीवर दोघं-तिघं, मागं बोचकं, पुढं शेकडो किलोमीटर. निघण्याआधी टायर बदलण्याची घाई तेव्हाच असते. तुमच्या घरातलं, गल्लीतलं कुणी जाणार असेल तर हा मजकूर त्यांना पाठवा, नाहीतर स्वतः जाऊन त्यांचं चाक फिरवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

तुमच्या गाडीचं लक्षण यात बसत नसेल तर व्हॉइस नोट पाठवा. पाठवताना तीन गोष्टी नक्की सांगा: कोणतं चाक, शेवटी काय उघडलं होतं, आणि नट सैल केल्यावर फरक पडतो का. पुढच्या भागात क्लच केबल आणि पावसाळ्यातल्या स्टार्टिंगच्या कटकटीबद्दल बोलू. तोपर्यंत सांभाळून चालवा.